मोठ्या तळ्यातील मध्य अमेरिकी सिक्लिड : संचयन, हद्दी आणि पिल्लांचा प्रश्न

मध्य अमेरिकेतील भांडखोर सिक्लिड मासे मोठ्या तळ्यात सोडण्याचा प्रश्न वरवर पाहता जागेचा वाटतो. काचेच्या टाकीत एकमेकांचे पर फाडणाऱ्या माशांना भरपूर पाणी दिले की ते निवळतील, अशी समजूत हौसेने मासे पाळणाऱ्यांत सर्वत्र आढळते. ती निम्मी खरी आहे. पाणी वाढले की मार खाणाऱ्याला पळायला वाट मिळते. पण त्याच पाण्यात माशांना जोड्या जमवायला, हद्द धरायला आणि अंडी घालायलाही मोकळीक मिळते. टाकीत दोन माशांचे भांडण सांभाळावे लागते, तळ्यात काही महिन्यांतच हजारो पिल्लांचा हिशेब समोर उभा राहतो. निसर्गातील निरीक्षणे, मत्स्यशेतीतील प्रयोग आणि हाताबाहेर गेलेली संचयने एकत्र पाहिली, तर किती मासे सोडले यापेक्षा त्यांच्या पिल्लांचे पुढे काय झाले यावरच अशा तळ्याचे भवितव्य ठरलेले दिसते.

सिक्लिड हे माशांचे फार मोठे कुल आहे. आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण व मध्य अमेरिका, पश्चिम आशियाचा थोडा भाग आणि दक्षिण भारत व श्रीलंका असा त्याचा पसारा आहे. मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पट्ट्यात त्याच्या शंभराहून अधिक जाती राहतात. जुन्या पुस्तकांत त्यांतील बहुतेक जाती ‘सिक्लासोमा’ या एकाच प्रजातीत घातलेल्या आढळतात. १९८३ मध्ये स्वेन कुलांडर यांनी ही प्रजाती दक्षिण अमेरिकेतील मोजक्या जातींपुरती मर्यादित केली. तेव्हापासून मध्य अमेरिकेतील माशांची शास्त्रीय नावे वारंवार बदलत आली, आणि बाजारात एकाच माशाची दोन-तीन नावे फिरू लागली. तळ्यासाठी मासे घेणाऱ्याला हा गोंधळ महागात पडू शकतो. वीतभर होऊन थांबणारा मासा आणि दोन फुटांवर जाणारा शिकारी मासा बोटभर आकाराचे असताना पुष्कळदा सारखेच दिसतात.

या माशांचे सर्वांत चांगले अभ्यासलेले घर म्हणजे निकाराग्वा. तेथे निकाराग्वा सरोवर सुमारे ८,००० चौरस किलोमीटरचे आणि मानाग्वा सरोवर सुमारे १,००० चौरस किलोमीटरचे आहे. दोन्ही उथळ, वाऱ्याने घुसळली जाणारी आणि गढूळ. त्यांच्या आसपास ज्वालामुखींच्या विवरांत साठलेली लहान, खोल, नितळ सरोवरे आहेत : आपोयो, शिलोआ, मासाया, आपोयेके. आपोयोचे विवर सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाने तयार झाले. तेथील ‘ॲम्फिलोफस झालिओसस’ हा बाणासारखा लांबट मासा त्याच सरोवरात मिडास सिक्लिडपासून वेगळा झाला, असे दाखवणारे संशोधन २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले आणि उत्क्रांतीच्या अभ्यासात ते महत्त्वाचे मानले जाते. तळ्याचा विचार करताना मात्र या सरोवरांतील दुसरी एक गोष्ट अधिक उपयोगाची आहे. शिलोआत काम करणाऱ्या केनेथ मॅके यांनी १९७७ मध्ये मांडले की तेथे अंडी घालण्याच्या जागांवरून वेगवेगळ्या जातींत तीव्र चुरस असते. खडकांतील कपारी आणि बिळे ठरावीकच असतात, आणि जागा न मिळालेल्या माशांना विणीविना राहावे लागते. म्हणजे मोठ्या सरोवरातही या माशांना टंचाई जाणवते ती पाण्याची नसते, तळातील आडोशांची असते.

तळ्यात सोडल्या जाणाऱ्या जातींचे ढोबळ गट त्यांच्या आहारावरून आणि आकारावरून पडतात. सर्वांत वर ‘पॅराक्रोमिस’ प्रजातीतील शिकारी मासे येतात, ज्यांना निकाराग्वा आणि कोस्टा रिकात ग्वापोते म्हणतात. वुल्फ सिक्लिड म्हणजे पॅराक्रोमिस डोव्हिआय सत्तर सेंटिमीटरांपर्यंत वाढू शकतो. काळ्या ठिपक्यांचा जॅग्वार सिक्लिड म्हणजे पॅराक्रोमिस मानाग्वेन्सिस त्याहून लहान, पण अर्धा मीटर सहज गाठणारा. हे मासे तोंडात मावेल ते खातात. पेटेनिया स्प्लेंडिडा हाही शिकारीच आहे. त्याचा जबडा पुढे फेकला जातो तो पाहण्यासारखा असतो, मात्र त्याचा स्वभाव ग्वापोतेपेक्षा मवाळ आहे. दुसरा गट मिडास आणि रेड डेव्हिल या ‘ॲम्फिलोफस’ माशांचा. हे गोगलगायी, किडे, वनस्पती, लहान मासे असे सर्व काही खातात, आणि पूर्ण वाढलेल्या नराच्या डोक्यावर चरबीचा मोठा उंचवटा येतो. तिसऱ्या गटात ‘विएहा’ प्रजातीतील उंच अंगाचे, मुख्यतः वनस्पती खाणारे मासे आहेत. उरलेल्यांत जॅक डेम्प्सी, फायरमाउथ, कॉन्व्हिक्ट आणि दहा सेंटिमीटरांच्या आसपास राहणारा निट्रोप्लस निमॅटोपस येतात. हा शेवटचा मासा आकाराने लहान असूनही विणीच्या काळात आपल्याहून कितीतरी मोठ्या माशांवर तुटून पडतो. त्या काळात त्याचा रंगही उलटतो : एरवी राखी अंगावर काळा पट्टा असतो, विणीत अंग काळे आणि पट्टा पांढरा होतो.

भांडखोरपणा हा एकच गुण समजला तर संचयनाचे गणित चुकते. या माशांत निदान तीन वेगळ्या प्रकारची आक्रमकता दिसते. पहिली वर्चस्वाची : लहान मासे एकत्र वाढताना मोठा धाकट्याला खाद्यापासून हुसकतो, त्यामुळे तो आणखी वेगाने वाढतो आणि अंतर रुंदावत जाते. दुसरी जोडीतील : नर-मादी जमण्यापूर्वी एकमेकांची ताकद आजमावतात, आणि मादी तयार नसेल तर नर तिला मारूनही टाकतो. टाकीत मादी मरण्याचे प्रसंग बहुतांशी याच प्रकारचे असतात, आणि मोठ्या पाण्याचा सर्वांत स्पष्ट फायदा येथेच मिळतो. तिसरी पालकत्वाची, आणि तिन्हींत हीच सर्वांत तीव्र. मध्य अमेरिकेतील सिक्लिड दगडावर, बिळात किंवा खड्ड्यात अंडी चिकटवतात; नर आणि मादी दोघेही अंड्यांची व पिल्लांची राखण करतात. पिल्ले पोहू लागल्यावरही कित्येक आठवडे आईबाप त्यांचा थवा सांभाळतात. मिडासची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा स्राव टिपून खातात, हे डेव्हिड नोक्स आणि जॉर्ज बार्लो यांनी १९७३ मध्ये दाखवले. एवढी गुंतवणूक असलेला मासा हद्दीत येणाऱ्या कोणालाही सोडत नाही, आणि ती हद्द पिल्लांच्या थव्याबरोबर सरकत राहते.

भांडणाला क्रम असतो. आधी रंग गडद होतात, मासे एकमेकांना आडवे होऊन पर फुलवतात, शेपटीच्या फटकाऱ्याने पाण्याचा झोत समोरच्यावर मारतात, कल्ल्यांची झाकणे उघडतात. फायरमाउथची लाल गळपट्टी या प्रदर्शनापुरतीच फुगते. मग जबड्यात जबडा अडकवून ढकलाढकली होते. बहुतेक प्रकरणे येथवर मिटतात, पण त्यासाठी हरलेल्याला नजरेआड होता आले पाहिजे. चार काचांत ते शक्य नसते, म्हणून तेथे हार म्हणजे पुष्कळदा मरण ठरते. कोणावर हल्ला जास्त होतो हेही ठरलेले असते : स्वतःच्या जातीचा, स्वतःच्या आकाराचा आणि स्वतःसारख्या रंगाचा मासा सर्वांत आधी. बर्कले विद्यापीठात मिडासचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या बार्लो यांनी यातील एक लक्षणीय तपशील उलगडला. निसर्गात मिडासचे थोडेच मासे पिवळे-केशरी असतात. बाकीचे करडे पट्टेदार राहतात. सारख्या आकाराची पिल्ले एकत्र ठेवली असता सोनेरी पिल्ले करड्यांवर मात करतात आणि अधिक वेगाने वाढतात, कारण तो रंग समोरच्याला दबकावतो. एका तळ्यात दोन्ही रंगांचे मिडास सोडायचे असतील तर सोनेरी मासे किंचित लहान निवडणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

याच स्वभावाची एक वेगळी बाजू मॅके यांना शिलोआत आढळली. ‘हिप्सोफ्रिस निकाराग्वेन्सिस’ या मुख्यतः शाकाहारी जातीचे नर चक्क डोव्हिआयच्या पिल्लांची राखण करताना त्यांनी पाहिले. मॅके यांचा तर्क असा की डोव्हिआय मोठा झाला की निकाराग्वेन्सिसच्या जागा बळकावणाऱ्या निट्रोप्लससारख्या माशांना खातो. शिकाऱ्याची पिल्ले वाचवणे हे शाकाहारी माशाला दूरच्या हिशेबाने फायद्याचे पडते. हा अर्थ सर्वांना पटला असे नाही. तरी त्यातून एवढे नक्की दिसते की निसर्गात लहान सिक्लिडांची संख्या आटोक्यात ठेवणारा घटक म्हणजे मोठा सिक्लिड. तळे भरणाऱ्याने हा धडा विसरता कामा नये.

मोठ्या तळ्यातील जागेचा हिशेब लिटरमध्ये केला जातो, तो चुकीचा आहे. हे मासे पाणी वाटून घेत नाहीत, तळ वाटून घेतात. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तळ्यात ९०,००० लिटर पाणी मावते. आकडा प्रचंड वाटतो, पण तळ ६० चौरस मीटरच भरतो. विणीवर आलेल्या जॅग्वारच्या जोडीने घरट्याभोवती दोन मीटरपर्यंत कोणाला फिरकू दिले नाही असे धरले, तर एकेका जोडीला साडेबारा चौरस मीटर लागतात. चार जोड्यांनी जवळजवळ सगळा तळ अडतो आणि बाकीचे मासे पृष्ठभागालगत ताटकळत राहतात. खोली वाढवून हा प्रश्न सुटत नाही. आडोसे वाढवून सुटतो. दगडांच्या राशी, मोठ्या व्यासाचे सिमेंटचे नळ, बुडालेले लाकूड यांनी नजर अडली की हद्दी आपोआप आखडतात, कारण जो शेजारी दिसतच नाही त्याच्यावर मासा धावून जात नाही. रचना सपाट तळावर सारखी पसरण्यापेक्षा एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला मोकळे पाणी अशी ठेवावी, म्हणजे हद्द न मिळालेल्यांना एकत्र राहायला जागा उरते. सिक्लिड वाळू उपसून खड्डे करतात. म्हणून मोठे दगड थेट तळाच्या पायावर बसवून मग वाळू घालावी लागते. प्लास्टिकचे अस्तर असेल तर दगडांखाली जाड थर हवा. मुळे धरणाऱ्या पाणवनस्पतींची आशा ठेवू नये. त्या उपटल्या जातात किंवा विएहा त्या खाऊन टाकतात.

पाण्याच्या गुणांबाबत हे मासे सोशिक आहेत. निकाराग्वाच्या सरोवरांचे पाणी अल्कधर्मी असते, आणि सामू साडेसातच्या वर असलेले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी त्यांना मानवते. धोका दुसरीकडे आहे. शिकारी माशांच्या प्रथिनयुक्त खाद्यातून अमोनिया मोठ्या प्रमाणात निघतो, आणि पाणी जितके उबदार व अल्कधर्मी तितका अमोनिया अधिक विषारी. म्हणजे ज्या पाण्यात हे मासे खुलतात त्याच पाण्यात निष्काळजीपणा सर्वांत लवकर भोवतो. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू जैविक गाळणीत रुजायला काही आठवडे लागतात. तोवर पूर्ण संख्येने मासे सोडू नयेत. पहाटे विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो, विशेषतः शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात, म्हणून हवा देणारा पंप रात्री चालू राहिला पाहिजे.

तापमान ही खरी सीमारेषा आहे. २४ ते ३० अंश सेल्सिअसला हे मासे उत्तम वाढतात. विसाच्या खाली ते खाणे कमी करतात आणि बुरशी व जिवाणूंच्या रोगांना बळी पडू लागतात. साधारणपणे १० ते १५ अंशांच्या दरम्यान बहुतेक जाती मरू लागतात. रिओ ग्रान्दे नदीतील टेक्सास सिक्लिड याला अपवाद आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मूळचा असलेला हा एकमेव सिक्लिड बराच गारठा सोसतो. फ्लोरिडात टँपाच्या परिसरात शोभेचे मासे उघड्या मातीच्या तळ्यांत वाढवण्याचा मोठा धंदा आहे. तेथे थंडीच्या लाटेत तळ्यांवर प्लास्टिक ओढतात आणि विहिरीचे उबदार पाणी सोडतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात हेझलवूड वीजकेंद्राच्या कोमट पाण्याच्या तलावात कॉन्व्हिक्ट सिक्लिडांनी घर केले होते, भोवतालचे हवामान त्यांना मुळीच न मानवणारे असूनही. २०१७ मध्ये हे केंद्र बंद झाले, आणि ऊब देणारे पाणीही थांबले.

प्रत्यक्ष संचयनात वयाला फार महत्त्व आहे. पूर्ण वाढलेले मासे एकेक करून आणले तर आधीचा मासा मालक आणि नंतरचा घुसखोर ठरतो. त्यापेक्षा सगळ्या जातींची बोटुकली एकाच दिवशी, शक्य तितक्या सारख्या आकाराची सोडणे सुरक्षित. शिकारी जाती मात्र त्यात नसाव्यात. त्यांची वाढ इतरांपेक्षा वेगाने होते, म्हणून बाकीचे मासे तोंडात न मावण्याइतके झाल्यावरच त्यांना आणावे. नवा मासा नंतर सोडायचाच असेल तर आडोशांची मांडणी बदलून, म्हणजे जुन्या हद्दी मोडून, मग सोडावा. मोठ्या तळ्यात दगडांच्या राशी हलवणे सोपे नसते, म्हणून पाणी अर्धे उतरवण्याची सोय बांधतानाच करून ठेवणे बरे. जोडी हवी असेल तर सहा-आठ पिल्ले एकत्र वाढवून त्यांची त्यांना जमू द्यावी. बाहेरून आणलेला नर आणि बाहेरून आणलेली मादी पुष्कळदा जमतच नाहीत.

जातींच्या मिश्रणात सारखेपणा टाळणे हा मुख्य नियम. मिडास आणि रेड डेव्हिल एकत्र ठेवणे म्हणजे एकाच जातीचे दुप्पट मासे ठेवण्यासारखे. उलट एक उंच अंगाचा विएहा, एक मिडास आणि मोकळ्या पाण्यात फिरणारा पेटेनिया यांच्यात कुरबूर कमी राहते. डोव्हिआयच्या बाबतीत वरच्या आकाराच्या तळ्यातही एकाच जोडीचा विचार करावा, आणि त्या जोडीसोबत दुसरे काही ठेवायचे तर ते तिच्याइतकेच मोठे आणि वेगळ्या रूपाचे हवे. पृष्ठभागालगत फिरणाऱ्या मोली वगैरे लहान माशांचा थवा ठेवण्याची प्रथा आहे : वरचे मासे निर्धास्त फिरताना दिसले की खालचे मासे धीट होतात आणि पालकांच्या रागाला बाहेरचे लक्ष्य मिळून जोडी टिकते. शिकारी जातींसोबत हा थवा अर्थातच लवकर संपतो.

आणि मग पिल्ले. कॉन्व्हिक्ट एका खेपेला शंभर ते तीनशे अंडी घालतो, उबदार पाण्यात ही खेप वरचेवर येते, आणि दोन्ही पालकांच्या राखणीमुळे टाकीतही पुष्कळ पिल्ले जगतात. मोठ्या जाती एका वेळी काही हजार अंडी घालतात. शिकारी नसलेल्या तळ्यात याचा परिणाम ठरलेला असतो. पहिल्या वर्षी आनंद, दुसऱ्या वर्षी शेकडो खुरटे मासे; खाद्य वाढवावे तर अमोनिया वाढतो, न वाढवावे तर सगळेच किडकिडीत राहतात. कॉन्व्हिक्टसारखी लहान आणि झपाट्याने वाढणारी जात मोठ्या तळ्यात शिकाऱ्याशिवाय सोडूच नये.

हा प्रश्न मध्य अमेरिकेतल्या मत्स्यशेतीने आधीच सोडवून पाहिला आहे. तेथे तळ्यांत तिलापिया वाढवला जातो आणि त्याचीही हीच अडचण असते : विक्रीच्या आकाराला येण्याआधीच तो पिल्ले घालून तळे भरतो. एल साल्वाडोरमध्ये डन्सेथ आणि बेन यांनी तिलापियाच्या तळ्यांत जॅग्वार ग्वापोते सोडून पाहिला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. योग्य प्रमाणात शिकारी असला की पिल्लांची भरती आटोक्यात राहते आणि उरलेले तिलापिया चांगले वाढतात. कळीचा शब्द ‘प्रमाण’ हा आहे. शिकारी कमी पडले तर पिल्ले निसटतात, जास्त झाले तर तेच उपाशी राहतात. शिवाय जॅग्वार स्वतःही वीण घालतो. शोभेच्या तळ्यात म्हणूनच सगळे शिकारी एकाच लिंगाचे, शक्यतो नर, ठेवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. नर-मादी ओळखण्यासाठी मासे पुरेसे मोठे होईपर्यंत वेगळ्या टाकीत वाढवावे लागतात. ही खटपट पुष्कळ जण टाळतात, आणि तळे बिघडण्याचे ते एक मोठे कारण आहे. खंड्या, बगळे आणि पाणकावळेही विरळणी करतात, पण ते आधी उठून दिसणारे सोनेरी मासेच उचलतात. पाळणाऱ्याला हवी असलेली निवड ते करत नाहीत.

पिल्लांशी जोडलेली दुसरी अडचण संकराची. या कुळातील जवळच्या जाती बंदिस्त पाण्यात सहज एकमेकींत मिसळतात, आणि संततीही अनेकदा प्रजननक्षम निघते. मलेशियात १९९० च्या दशकात तयार झालेला फ्लॉवरहॉर्न अशाच मध्य अमेरिकी जातींच्या संकरांतून आला. ट्रायमॅक्युलेटस ही जात आणि ॲम्फिलोफस गटातील मासे त्याच्या पूर्वजांत आहेत. कपाळावरचा उंचवटा आणि अंगावरच्या चिनी अक्षरांसारख्या खुणा यांमुळे तो शुभ मानला गेला आणि आशियाभर विकला गेला. मिश्र तळ्यातील पिल्ले जातीच्या नावाने विकणे किंवा वाटणे योग्य नाही. निसर्गात काही विवर-सरोवरांपुरत्याच उरलेल्या जातींचे शुद्ध वंश पाळणाऱ्यांच्या हातीही जपले जातात, आणि एका चुकीच्या मिश्रणाने ते कायमचे बिघडतात.

तळ्याबाहेर गेलेल्या माशांचा इतिहास या आढाव्यातील सर्वांत गंभीर भाग आहे. पनामात १९६७ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील पीकॉक बास हा शिकारी सिक्लिड एका तळ्यातून निसटून चाग्रेस नदीमार्गे गातून सरोवरात पोचला. थॉमस झॅरेट आणि रॉबर्ट पेन यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जे वर्णन केले ते पर्यावरणशास्त्रात आजही अभ्यासले जाते. पूर्वी सर्रास दिसणाऱ्या आठ जातींपैकी सहा सरोवराच्या त्या भागातून जवळजवळ नाहीशा झाल्या आणि सातवी रोडावली. लहान माशांवर जगणारे पक्षी आणि मोठे मासे यांनाही झळ पोचली. वाढली ती एकच जात, विएहा मॅक्युलिकॉडा, कारण तिची पिल्ले खाणारे लहान मासेच संपले होते आणि तिच्या पालकांना राखण जमत होती. चार दशकांनंतरच्या पाहणीतही मूळ मासे परतलेले नव्हते. एका तळ्याचा बांध पुरेसा नसण्याची ही किंमत.

उलट दिशेचे उदाहरण आपोयोत घडले. तेथे पिंजऱ्यांत वाढवलेला आफ्रिकी तिलापिया १९९० च्या दशकात सुटला, आणि सरोवराच्या तळावरील कारा वनस्पतीची कुरणे नाहीशी झाली. त्यांवर तेथील मूळ सिक्लिडांची पिल्ले आणि आहार अवलंबून होते. भांडखोर म्हणून ज्यांची ख्याती त्या माशांनाही आपले घर राखता आले नाही. मध्य अमेरिकेतील मायन सिक्लिड १९८३ मध्ये फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये आढळला आणि पसरला. जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीत त्याची संख्या कोसळली, पण तो संपला नाही. इंडोनेशियात सुलावेसीच्या मातानो सरोवरात फ्लॉवरहॉर्न पोचला आहे, आणि तेथील बहुतेक मासे जगात अन्यत्र कोठेही मिळत नाहीत. फ्लोरिडात निदान थंडी मधूनमधून आळा घालते. विषुववृत्ताजवळ तोही आधार नाही.

याच कारणाने हा विषय महाराष्ट्र आणि गोव्याशी जोडला जातो. फ्लॉवरहॉर्न, जॅक डेम्प्सी, मिडास हे मासे मुंबई-पुण्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत मिळतात, आणि कोकणातील पाणी वर्षभर त्यांना मानवणारे असते. येथील अनुभवही समोर आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया चिलापी या नावाने मराठी माणसाच्या परिचयाचा झाला, आणि त्याच्या जातभाईंनी उजनीसारखे जलाशय व्यापले. तिलापिया प्रामुख्याने शेवाळ आणि वनस्पतींवर जगतो. जॅग्वार किंवा मिडास नद्यांत रुजले तर परिणाम याहून थेट असेल. भारतातील मूळ सिक्लिड तीनच. त्यांतील कालुंदर गोव्याच्या खाड्यांत आणि खाजणांत राहतो, तोही जोडीने पिल्ले राखतो, आणि अंडी घालण्याच्या जागांसाठी त्याला या पाहुण्यांशी सरळ झगडावे लागेल. सह्याद्रीच्या ओढ्यांत तर अन्यत्र न आढळणारे कितीतरी लहान मासे आहेत, ज्यांनी असा शिकारी कधी पाहिलेला नाही.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आल्यापासून महाराष्ट्रात शेततळ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यांत मासे सोडण्याकडे कलही आहे. अस्तर लावलेले, विहिरीच्या पाण्यावर भरलेले आणि ओढ्यापासून उंचावर असलेले तळे तुलनेने सुरक्षित असते. सांडव्यातून ओढ्यात वाहणारे तळे या माशांसाठी वापरू नये, जाळी लावली तरीही नाही. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले काही मिलिमीटरांची असतात; त्यांना अडवणारी जाळी पहिल्याच मुसळधार पावसात गाळाने तुंबते आणि पाणी बांधावरून जाते. कोकणात व घाटमाथ्यावर उघड्या तळ्यापेक्षा छपराखालची सिमेंटची मोठी टाकीच योग्य. तळ्याची काठावरची मोकळी उंची तेथील एका दिवसाच्या सर्वाधिक पावसाहून बरीच जास्त असली पाहिजे, आणि बदललेले पाणी ओढ्यात न जाता शेतात मुरले पाहिजे. त्या पाण्यातील नायट्रेट पिकाला उपयोगी पडते.

तळे मोडायची वेळ आली तर नको असलेले मासे नदीत, धरणात किंवा देवळाच्या कुंडात सोडण्याचा मोह होतो. त्याला कोणतीही सबब चालू नये. पाणी पूर्ण उपसून, मोठे मासे हाताने वेचून, तळ अनेक दिवस उन्हात कोरडा ठेवावा, म्हणजे डबक्यांत आणि नळांत उरलेली पिल्लेही राहत नाहीत. वेचलेले मासे दुसऱ्या बंदिस्त पाण्यात देता येतात. निकाराग्वात ग्वापोते चवीसाठी नावाजलेला आहे आणि अख्खा तळून वाढला जातो. औषधांची मात्रा न दिलेल्या तळ्यातील मोठे ग्वापोते खाण्यासही योग्य असतात.